नोवाक, त्याचा व्हिसा आणि आमचं मेलबर्न

यारा_काठची | ६ जानेवारी २०२२, रात्री ९:१०

सकाळपासून ऑफिसच्या ग्रुपवर, शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर आणि इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय, म्हटलं इथेही धागा काढूनच टाकू. तर टेनिसपटू नोवाक जोकोविच. परवा त्यानं इन्स्टावर विमानतळावरचा बॅगांसकट फोटो टाकला, लस न घेता यायची सूट मिळालीय, निघालो ऑस्ट्रेलियाला. काल रात्री साडेअकराच्या सुमारास तुल्लामरीनला, म्हणजे आमच्या विमानतळावर उतरला आणि तिथंच अडकला. रात्रभर बसवून ठेवला, प्रश्न विचारले, सकाळी व्हिसा रद्द. आता कार्लटनच्या पार्क हॉटेलात ठेवलाय, सोमवारी कोर्ट, आणि १७ तारखेला ऑस्ट्रेलियन ओपन सुरू.

खरं सांगते, तो फोटो बघून माझं डोकंच फिरलं. मेलबर्नमध्ये आम्ही सहा लॉकडाऊन मिळून २६२ दिवस काढलेत. रात्रीचा कर्फ्यू, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मैत्रीण राहते आठ किलोमीटरवर, मग नकाशावर दोघींची वर्तुळं काढून ती जिथं एकमेकांना छेदतात तिथली बाग शोधायची आणि तिथल्या बाकावर मास्क लावून बसायचं.

आणि हे कुणाला सांगितलं नव्हतं पण आता लिहितेच. गेल्या एप्रिलच्या शेवटी साताऱ्याला बाबा गेले. तेव्हा इथून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची, मी अर्ज केला, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत ३ मेपासून नवा हुकूम, की भारतातून जो परत येईल, स्वतःचा नागरिक असला तरी, त्याला पाच वर्षं तुरुंग नाहीतर ६६,६०० डॉलर दंड. दीड वर्षाचं पोर इथं ठेवून कशी जाणार? दहावा मी फोनवर बघितला. भावानं फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवला होता. कावळ्याची वाट बघत सगळे उभे होते आणि नेमकं तेव्हा कनेक्शन गेलं. पिंडाला कावळा शिवला की नाही ते मला नंतर मेसेजवर कळलं.

त्यामुळे पंतप्रधान मॉरिसननी 'रूल्स आर रूल्स' असं ट्विट केलं तेव्हा ज्या माणसाचा मला वर्षभर राग होता त्याच्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा सहमत झाले. तुमचं काय म्हणणं?

रॉजरभक्त | ६ जानेवारी, रात्री ९:३२

ताई, बाबांचं वाचून काय लिहावं कळेना.

बाकी त्या माणसाच्या नावातच आहे हो, नो-वॅक.

बेसलाइन | ६ जानेवारी, रात्री १०:०५

रॉजरभक्त, हा जोक सकाळपासून चौदा जणांनी पाठवलाय.

@यारा_काठची, तुमचं दुःख समजतो आणि त्यावर वाद घालायची माझी लायकी नाही. पण जरा नोवाकच्या बाजूनं बघा. व्हिसा त्याला नोव्हेंबरातच मिळालेला. सूट स्पर्धा भरवणाऱ्या टेनिस ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरांनी दिली आणि व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारनं नेमलेल्या स्वतंत्र पॅनलनं ती तपासली, अर्ज कुणाचा आहे हे न कळता. २६ अर्जांतले मोजकेच पास झाले म्हणतात. यायला द्यायचंच नव्हतं तर विमानात बसायच्या आधी सांगा ना! आमंत्रण देऊन बोलावलेल्या पाहुण्याला उंबरठ्यावर अडवायचं आणि मग सोसायटीभर सांगत सुटायचं की आमच्याकडे नियम कडक आहेत, हे कुठलं शहाणपण. नऊ वेळा जिंकलाय तो ही स्पर्धा.

(डिस्क्लेमर: बालेवाडीच्या टेनिस स्पर्धेला दर वर्षी सुट्टी टाकून जाणारा प्राणी आहे, माझं मत तटस्थ नाही.)

कल्याण_स्लो | ६ जानेवारी, रात्री ११:४०

आत्ता घरी पोचलो म्हणून उशिरा लिहितोय. सूट म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका. मला पहिला डोस झाला आणि जूनमध्ये कोविड झाला. सरकारी नियम असा की बरं झाल्यावर तीन महिने लस घ्यायची नाही. आणि १५ ऑगस्टपासून लोकलचा नियम असा की दोन डोस होऊन चौदा दिवस झालेत तरच पास. म्हणजे एक नियम म्हणतो घेऊ नको आणि दुसरा म्हणतो घेतल्याशिवाय चढू नको. स्टेशनबाहेर सर्टिफिकेट तपासून शिक्का मारायला टेबल टाकलेलं, तिथल्या साहेबांना म्हटलं, साहेब मला होऊन गेलाय, अँटीबॉडी रिपोर्ट पण आहे, हा बघा. त्यांनी रिपोर्ट बघितला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाले, "छान आहे. नेक्स्ट."

ऑक्टोबरपर्यंत कल्याण ते दादर बसनं, जाऊन-येऊन पाच-साडेपाच तास. मला कुणी पॅनल बसवलं नाही. त्यामुळे माझी सहानुभूती जरा कमी आहे, माफ करा.

ओपीडी_नंतर | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

कल्याण_स्लो, "छान आहे, नेक्स्ट" वाचून हसून हसून पुरेवाट झाली, आणि वाईटही वाटलं.

डॉक्टर म्हणून एवढंच सांगते की होऊन गेल्यावर काही महिने प्रतिकारशक्ती असते हे खोटं नाही, ऑस्ट्रेलियाच्या लसीकरण सल्लागारांनीही अशा लोकांना लस पुढे ढकलायची मुभा दिलीय. पण लस पुढे ढकलायची मुभा वेगळी आणि विलगीकरणाशिवाय देशात शिरायची वेगळी. तिथल्या केंद्र सरकारनं नोव्हेंबरातच टेनिसवाल्यांना लिहून कळवलं होतं की नुसतं होऊन गेलंय एवढ्यावर भागणार नाही. राज्य एक म्हणतंय, केंद्र दुसरं, आणि मध्ये खेळाडू. ओळखीचं वाटतंय का कुणाला?

खडूस_आजोबा | ७ जानेवारी, सकाळी ९:००

ओळखीचं तर आहेच. १८९७ साली प्लेगच्या वेळी पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून तपासण्या करत, देवघरापर्यंत बूट घालून जात, त्यावरून रँडचा खून झाला हे शाळेत शिकलेलो आपण. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये आपल्याला परत लावला. आजाराच्या नावाखाली सरकारला दंडुका मिळाला की तो कुणाच्या पाठीत बसतो आणि कुणाला नुसता दाखवला जातो, एवढंच मी बघतो. हा टेनिसवाला मला ओळखू येत नाही, नातवाला विचारलं.

वनवासी_१४ | ७ जानेवारी, दुपारी १:२०

माझा आयडी का असा आहे ते आज सांगतो. गेल्या वर्षी अमेरिकेनं भारतातून थेट येणं बंद केलं तेव्हा आम्ही व्हिसावाले तिसऱ्या देशात १४ दिवस काढून जायचो. सर्बियाला भारतीयांना व्हिसा लागत नव्हता म्हणून मी बेलग्रेडला. तिथं लस म्हणाल तर पडून होती, चिनी, रशियन, फायझर, काय हवी ती, परदेशी लोकांनासुद्धा देत होते. तेव्हा नोवाकला मिळाली नाही असं नाही, नको होती. २०२० च्या एप्रिलमध्येच तो बोललेला की सक्ती नको. आणि त्याच जूनमध्ये त्यानं भरवलेल्या एड्रिया टूरमध्ये दिमित्रोव्ह, चोरिच, शेवटी तो स्वतः, सगळे पॉझिटिव्ह.

पण तिथल्या लोकांना त्याच्याबद्दल काय वाटतं ते समजून घ्या. माझा घरमालक साठीचा, इंग्रजी यथातथाच. १९९९ ला नाटोनं ७८ दिवस बाँब टाकले, नोवाकचा बारावा वाढदिवस त्यातच आला, आणि पोरगं रोज प्रॅक्टिसला जायचं. मालक हे सांगताना बोट वर करून विमान दाखवायचा आणि मग रॅकेट मारल्यासारखा हात फिरवायचा. त्यामुळे आता नोवाकचे वडील येशूला सुळावर चढवलं तसं माझ्या पोराला चढवताहेत वगैरे बोलतायत ते आपल्याला अति वाटतं (अति आहेच), पण तिथं घराघरात हेच चाललं असणार. आणि आज त्यांचा ऑर्थोडॉक्स ख्रिसमस. आजच कोंडलाय.

यारा_काठची | ८ जानेवारी, रात्री ८:४५

आज ट्रामनं मुद्दाम तिकडे जाऊन आले. नवरा म्हणाला तुला काय पडलंय, पण गेले.

स्वान्स्टन स्ट्रीटवर लिंकन स्क्वेअरच्या समोर ते हॉटेल. फुटपाथवर तीन वेगळ्या गर्द्या. एक सर्बियन लोकांची, झेंडे अंगावर शालीसारखे घेतलेले, नोले-नोले (त्याचं लाडकं नाव) ओरडत नाचतायत. दुसरी लसविरोधकांची, त्यांना टेनिसशी काही देणंघेणं नाही. आणि तिसरी, जी तिथं कित्येक महिन्यांपासून उभी राहतेय म्हणे आणि मी मेलबर्नमध्ये राहून कधी गेले नाही, ती निर्वासितांसाठी. या हॉटेलात तीसेक निर्वासित कोंडलेत. नौरू आणि मानुस बेटांवरच्या छावण्यांतून उपचारासाठी आणलेले, काहींना आठ-साडेआठ वर्षं झाली. मेहदी अली म्हणून इराणी मुलगा आहे, पंधराव्या वर्षी पकडलेला, काल चोवीस पूर्ण झाले. डिसेंबरात जेवणात अळ्या निघाल्याची तक्रार यांनी केली होती, तेव्हा दोन ओळीची बातमी आलेली. आता जगभरचे कॅमेरे त्याच दारात.

वरच्या मजल्यावर काळी काच, उघडत नाही. आतून कुणीतरी कागद धरलेला, उन्हामुळे वाचता येत नव्हता, कागद धरणारा हात फक्त दिसत होता. खालचे सर्बियन लोक त्याला नोवाक समजून हात हलवायला लागले. तो हात जरा वेळ तसाच राहिला, मग त्यानंही हलवला.

आणखी एक गंमत, ही इमारत म्हणजे आधीचं रिजेस हॉटेल. २०२० ला क्वारंटाइनसाठी वापरलं आणि आमच्या दुसऱ्या लाटेतल्या बहुतेक केसेसचं मूळ तिथं निघालं. म्हणजे माझ्या २६२ दिवसांतला बराच भाग जिथून सुरू झाला तिथंच.

परत आले तर कोर्टाची कागदपत्रं फुटलेली. १६ डिसेंबरला पॉझिटिव्ह म्हणे.

रॉजरभक्त | ८ जानेवारी, रात्री ९:०२

१६ ला पॉझिटिव्ह? मग १७ तारखेला बेलग्रेडमध्ये लहान पोरांना बक्षिसं वाटतानाचे बिनमास्क फोटो कुणाचे आहेत, जुळ्या भावाचे?

बेसलाइन | ८ जानेवारी, रात्री ९:१०

...

कल्याण_स्लो | ८ जानेवारी, रात्री ११:५५

बेसलाइन साहेबांचा आजपर्यंतचा सगळ्यात छोटा प्रतिसाद.

नोटरी_पब्लिक | १० जानेवारी, दुपारी ४:३०

निकाल आला! न्या. अँथनी केली यांनी व्हिसा रद्द करण्याचा आदेशच रद्द केला, अर्ध्या तासात सोडा म्हणून सांगितलं, खर्च सरकारच्या माथी. पण वकील नसलेल्यांनी एक नीट समजून घ्या, कोर्टानं लसीबद्दल किंवा सूट देण्याबद्दल काहीही म्हटलेलं नाही. विमानतळावर त्याला सांगितलं होतं की साडेआठपर्यंत वेळ आहे, वकिलांशी बोल. आणि रद्द केला ७:४२ ला. एवढंच. ४८ मिनिटं. सरकारी वकिलांनी स्वतःच मान्य केलं की हे रास्त नव्हतं. आपल्याकडे सर्व्हिस मॅटरमध्ये, म्हणजे सरकारी नोकरीच्या खटल्यांत, असले आदेश रोज उडतात, नोटीस दिली पण उत्तराला वेळ दिला नाही म्हणून. जजसाहेब तर म्हणाले, या माणसानं आणखी काय करायला हवं होतं?

यारा_काठची | १० जानेवारी, सायंकाळी ५:१५

कोर्टाची ऑनलाइन लिंक सकाळपासून सारखी बंद पडत होती, इतके लोक घुसले. मी पण त्यात. स्क्रीन गोल गोल फिरत राहिली आणि मला कळशी आठवली.

आणखी काय करायला हवं होतं? लस घ्यायला हवी होती, मिलॉर्ड.

ओपीडी_नंतर | १२ जानेवारी, रात्री १०:२०

आज त्यानं इन्स्टावर खुलासा दिलाय. १७ च्या कार्यक्रमाच्या वेळी रिपोर्ट हातात नव्हता म्हणे, ठीक आहे, धरून चालू. पण १८ ला? तेव्हा माहीत होतं आणि तरी फ्रेंच पेपराला मुलाखत दिली, फोटो काढले. स्वतःच चूक झाली म्हणतोय. माझ्याकडे त्याच डिसेंबरात एक रिक्षावाले आले होते, रिपोर्ट पॉझिटिव्ह हे कळल्यावर बाहेर बाकावर नातीला बसवलेलं तिला बोलवेनात, खिडकीतून बायकोला फोन केला की तिला घेऊन जा. म्हणून लसीपेक्षा मला त्या अठरा तारखेचा जास्त राग आहे.

आणि फॉर्मवर 'गेल्या १४ दिवसांत प्रवास केला का' यावर 'नाही' अशी खूण. स्पेनला जाऊन आलेला. एजंटची चूक म्हणे.

वनवासी_१४ | १२ जानेवारी, रात्री १०:५०

एजंटची चूक हे मी इमिग्रेशनला सांगितलं असतं तर अजून तिथंच बसलेलो असतो.

बेसलाइन | १३ जानेवारी, सकाळी ८:००

चार दिवस गप्प होतो. अठरा तारखेचं समर्थन होऊ शकत नाही, मी करणारही नाही. पण एक चूक निघाली म्हणून पहिली अडवणूक बरोबर होती असं होत नाही. विमानतळावर त्याला त्या मुलाखतीबद्दल अडवलं नव्हतं. आणि ती झेक दुहेरीवाली, व्होराचोव्हा, तिला तर आधी येऊ दिलं, ती इथं एक मॅच खेळली आणि नोवाकचा गाजावाजा झाल्यावर तिला पकडून त्याच हॉटेलात टाकलं. बिचारी मुकाट घरी गेली, तिच्यासाठी कुणी झेंडे आणले नाहीत.

खडूस_आजोबा | १३ जानेवारी, सकाळी ८:४०

हा मुद्दा पटला. त्या मुलीचा आधी उल्लेख का झाला नाही?

नोटरी_पब्लिक | १४ जानेवारी, दुपारी २:१०

झालं. इमिग्रेशन मंत्री अॅलेक्स हॉक यांनी स्वतःच्या अधिकारात परत रद्द केला. स्थलांतर कायद्याचं कलम १३३सी(३), आरोग्य, सुव्यवस्था, जनहित. या कलमाखाली समोरच्याला आधी ऐकून घ्यायचं बंधनच नाही. म्हणजे ४८ मिनिटांचा घोळ होऊच शकत नाही, कारण इथं एक मिनिटही द्यावा लागत नाही. आणि रद्द झाला की सहसा तीन वर्षं व्हिसा नाही.

यारा_काठची | १५ जानेवारी, रात्री ११:३०

मंत्र्यांची कारणं बाहेर आली, बसून वाचली. मला वाटलेलं लिहिलं असेल की फॉर्म खोटा भरला, पॉझिटिव्ह असून फिरला. तर तसं नाही. त्याच्याकडून कुणाला लागण व्हायचा धोका नगण्य आहे हे चक्क मान्य केलंय. कारण असं की तो इथं राहिला तर लसविरोधी लोकांना चेव येईल. त्याचं आत्ताचं मत काय तेही विचारलेलं नाही.

नऊ दिवस मी याला हाकला म्हणत होते, आणि आता हाकलतायत तर मला नीट आनंद होईना. मला तो रांगेत घुसला म्हणून घालवायचा होता. हे म्हणतायत की तुझ्याकडे बघून लोक काय विचार करतील म्हणून जा. उद्या माझ्याकडे बघून कुणी काय विचार करेल ते कोण ठरवणार? भारतातून आलेली बाई, परत येऊ दिली तर लोकांत घबराट पसरेल, असंच कुणीतरी गेल्या मे महिन्यात फायलीवर लिहिलं असेल की.

इथं केसेस दहा-दहा हजारांच्या पटीत चालल्यात, केमिस्टच्या दारावर 'नो रॅट्स' अशी पाटी, म्हणजे टेस्ट किट संपली. सासूबाईंना आधी वाटलं उंदरांबद्दल आहे. निवडणूक तोंडावर आहे. किट नाहीत पण टेनिसपटू आहे.

कल्याण_स्लो | १६ जानेवारी, सायंकाळी ६:००

त्यानं परत कोर्टात दाद मागितली होती, ती तिन्ही जजनी एकमतानं फेटाळली. विमानात बसला पण, दुबईमार्गे घरी. त्याच्या जागी कुणी कारुसो म्हणून आलाय, जगात १५० वा, पात्रता फेरीत हरलेला, लकी लूझर. ह्याला म्हणतात शेवटच्या क्षणी खिडकीची सीट.

@यारा_काठची, तुमचा कालचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या टेबलावरच्या साहेबांनी मला निदान चेहरा बघून नाही म्हटलं नव्हतं, कागद बघून म्हटलं होतं. हे तेव्हा सुचलं नव्हतं.

नोटरी_पब्लिक | १६ जानेवारी, रात्री ९:१५

फक्त एक. कोर्टानं मंत्र्यांचा निर्णय शहाणपणाचा आहे असं म्हटलेलं नाही, कायद्यात बसतो का एवढंच बघायचं असतं.

रॉजरभक्त | ३० जानेवारी, रात्री ८:३०

नदालनं दोन सेट मागे पडून मेदवेदेवला हरवलं, पाच तास चोवीस मिनिटं, एकविसावं ग्रँड स्लॅम. आता कुणाच्या नावानं रडू ते कळेना. धन्यवाद ऑस्ट्रेलिया सरकार.

बेसलाइन | २९ जानेवारी २०२३, सायंकाळी ६:०५

वर्षभरानं धागा वर काढतोय! सरकार बदललं, नव्या मंत्र्यांनी तीन वर्षांची बंदी उठवली, आणि आज त्सित्सिपासला सरळ तीन सेटमध्ये हरवून दहावं ऑस्ट्रेलियन ओपन. लस अजून घेतलेली नाही, त्यापायी अमेरिकेतली स्पर्धाही सोडली. बीबीसीला म्हणाला होता ना की ही किंमत द्यायला तयार आहे, दिली बिचाऱ्यानं. जिंकल्यावर वर बॉक्समध्ये जाऊन आईला मिठी मारून खाली पडून रडला. @यारा_काठची, होतात का स्टेडियममध्ये?

यारा_काठची | ३० जानेवारी २०२३, सकाळी १०:२०

नव्हते. साताऱ्याला होते, कालच परत आले. टीव्हीवर शेवटचा सेट बघितला, विमानतळावरच, बॅगा येईपर्यंत. पट्ट्यापाशी सगळे मान वर करून स्क्रीनकडे बघत होते आणि बॅगा फिरत होत्या. माझी कुणीतरी दोनदा उचलून परत ठेवली.

फॉर्मवर गेल्या काही दिवसांत कुठं कुठं होतात याची यादी होती. मी सगळं खरं लिहिलं, अगदी पाचगणीचं पण.

पार्क हॉटेलमधले शेवटचे लोक गेल्या एप्रिलमध्ये सोडले. मेहदी त्याआधीच अमेरिकेला गेला. ट्रामनं जाताना अजून मान आपोआप तिकडे वळते.

कल्याण_स्लो | ३० जानेवारी २०२३, रात्री ११:४८

पाचगणीहून चिक्की आणलीत का, का ती पण कस्टम्सनं अडवली?

यारा_काठची | ३१ जानेवारी २०२३, सकाळी ७:३०

चिक्की सोडली. आईनं दिलेली गोडलिंबाची फांदी घेतली काढून.